एकाच वाईनला जानेवारीत आठ आणि मेमध्ये पाच, असं का?

पत्र: "ताई, आम्ही नाशिकलाच राहतो. मी, नवरा आणि शेजारचं एक जोडपं असे चौघं महिन्यातून एखाद्या शनिवारी जमतो, आठशे रुपयांच्या आतल्या तीन-चार वाईन आणतो आणि मी वहीत प्रत्येकीला दहापैकी मार्क लिहिते. पण एका चेनिन ब्लांकला (ही व्हाईट वाईन) मी जानेवारीत ८ दिले होते, तीच मे महिन्यात मला ५ ची वाटली. बाकी सगळ्या ६ आणि ७ मध्येच अडकतात. शिराझ या रेडमध्ये मला काळ्या मिरीचा वास येतो, नवऱ्याला अजिबात येत नाही. शेजारच्या वहिनींना गोड पोर्टच आवडते, त्या बाकी सगळ्यांना कमी मार्क देतात. नवऱ्याचा मित्र वाईनचा कोर्स करून आलाय, तो म्हणतो स्वस्त वाईनला कसले मार्क देता, आणि द्यायचेच तर शंभरपैकी द्या. माझ्या जिभेतच काही कमी आहे का? वही बंद करू का?" — एक वाचक, इंदिरानगर

अगं, वही अजिबात बंद करू नकोस. महागड्या बाटल्यांवर लिहिणारे जगभर पडलेत, पण आपल्याकडे लोक पगार झाल्यावर किंवा कुणाच्या वाढदिवसाला जी पाचशे-सातशेची बाटली खरोखर विकत घेतात, ती नीट चाखून लिहून ठेवणारं जवळपास कुणी नाही, आणि तू ते दर महिन्याला करतेयस. मला हे काम फार मोलाचं वाटतं. फक्त ते करायच्या पद्धतीत थोडे बदल करूया, म्हणजे तुझ्याच आकड्यांवर तुझा विश्वास बसेल.

आधी जिभेचं. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाचे एक प्राध्यापक, स्वतः वायनरीवाले, त्यांनी २००५ पासून तिथल्या स्टेट फेअरच्या, म्हणजे राज्याच्या जत्रेतल्या, वाईन स्पर्धेत एक प्रयोग केला. परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाईन तीन वेळा, वेगवेगळ्या ग्लासात, बाकीच्या वाईनमध्ये मिसळून दिली. हे सगळे मुरलेले परीक्षक, तरी तिन्ही वेळा साधारण तेच मेडल देणारे निघाले दहातला एखादाच, बाकीच्यांनी त्याच वाईनला एकदा वर एकदा खाली टाकलं. तेव्हा तुझे आठाचे पाच झाले यात जिभेचा काही दोष नाही, माणसाचं चाखणं असंच हलतं. पण तीन मार्कांचा फरक जरा मोठा आहे, आणि जानेवारी आणि मे हे दोन महिने वाचल्यावर मला जीभ सोडून दुसऱ्याच दोन गोष्टींचा संशय आला.

एक म्हणजे बाटलीचं वय. आपल्याकडे द्राक्षाची वेल थंड देशांसारखी हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि वाईनची द्राक्षं उतरतात साधारण जानेवारी ते मार्च. हे तुला नाशिकात राहून सांगायला नको, पण वाईन विकत घेताना आपण हे विसरतो. जानेवारीत तू प्यायलीस ती बहुतेक आदल्या वर्षीच्या हार्वेस्टची, वर्षसुद्धा न झालेली. मे महिन्यात दुकानात तीच बाटली असेल तर ती आणखी जुनी झालेली, आणि या दराची चेनिन किंवा सोव्हिन्यो ब्लांक ही ठेवून मुरवायची वाईनच नाही, तिचा सगळा जीव ताजेपणात असतो, वर्ष-दीड वर्षात प्यायची. लेबलवर द्राक्षं कोणत्या वर्षीची ते असतं, ते वर्ष वहीत लिही, नसेल तर मागच्या बाजूला बॅच आणि बाटली भरल्याचा महिना शोध आणि तो लिही. वाईनचं नाव लिहून हा तपशील सोडला तर ती नोंद अर्धीच राहते.

दुसरं म्हणजे ऊन. आपल्याकडच्या वाईन शॉपमध्ये व्हिस्की-रम काउंटरच्या मागे नीट असते आणि वाईन बऱ्याचदा दर्शनी काचेत उभी, दुपारचं ऊन थेट अंगावर. एप्रिल-मे महिन्यात नाशिकला चाळीसच्या आसपास पारा, त्यात बंद शटरच्या आत काय होत असेल विचार कर. उन्हात राहिलेली व्हाईट वाईन जरा पिवळट-तपकिरी होते, फळांचा ताजा वास जाऊन शिजवलेल्या मोरांब्यासारखा किंवा कापून ठेवलेल्या काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा वास येतो. मेमधली तुझी बाटली अशी लागली होती का आठव. तू नाशिकमध्ये आहेस, म्हणजे गंगापूर धरणाकडे गेलीस तर थेट वायनरीतूनच घेता येते, तिथे माल गार जागेत असतो आणि कधी भरली ते विचारताही येतं. उन्हाळ्यात तरी व्हाईट तिथूनच घे, किंवा ज्या दुकानात एसी चालू असतो आणि बाटल्यांवर धूळ नसते तिथून.

आणि तुझ्या घरचं तापमान! रेड वाईन रूम टेम्परेचरला प्या असं जे सांगतात ते थंड देशातल्या खोलीचं टेम्परेचर, सोळा ते अठरा डिग्री. मेमध्ये रात्री नऊलाही आपल्या हॉलमध्ये तीसच्या वर असतं, तिथे कुठलीही रेड नुसती दारूसारखी जळजळते आणि जडशी, गोडसर वाटते. प्यायच्या आधी निदान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचीच, बिनधास्त, कुणी काही म्हटलं तरी. व्हाईटचं उलट, ती फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर चार-पाच डिग्रीला वासच येत नाही, दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू दे, आठ ते बारा डिग्रीत ती छान बोलते. स्वैपाकाचा साधा डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो तो घे, या खर्चाचा जेवढा उपयोग होईल तेवढा भारी ग्लासांचाही होणार नाही. जानेवारी आणि मेच्या तुझ्या दोन नोंदींमध्ये फक्त हा एक आकडा लिहिलेला असता तरी आज अर्धं कोडं सुटलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, किंमत झाका. २००८ साली अमेरिकेत कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीने वाईन पाजली, तीच वाईन एकदा ५ डॉलरची आणि एकदा ४५ डॉलरची म्हणून. लोकांना ४५ वाली जास्त आवडली, आणि नुसतं तोंडाने म्हणाले असं नाही, आवड नोंदवणारा मेंदूचा भागही त्या वेळी जास्त चमकला. म्हणजे किंमत कळली की चव खरोखरच बदलते, त्याला खोटेपणा म्हणता येत नाही. आणि त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास, सहा हजारांहून जास्त ब्लाइंड टेस्टिंगचा, त्यात किंमत माहीत नसताना साध्या लोकांना महाग वाईन जास्त आवडते असं काही दिसलंच नाही, उलट किंचित कमीच आवडली. हे दोन्ही नवऱ्याच्या मित्राला सांग. स्वस्त वाईनला मार्क देण्यात काय अर्थ आहे याचं उत्तर यातच आहे, किंमत झाकली की आपल्यासारख्यांच्या जिभेला दोन बाटल्यांमधला फरक कळतो पण तो किमतीच्या क्रमाने नसतो, आणि मग कुठली आपल्याला आवडते हे चाखून शोधण्याशिवाय दुसरा रस्ता नाही.

करायचं सोपं आहे. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, मान सुद्धा झाकायची कारण स्क्रू कॅपच्या रंगावरून लगेच ओळखू येतं. एकाने दुसऱ्या खोलीत जाऊन गुंडाळायच्या, दुसऱ्याने त्या इकडच्या तिकडे करून वर नंबर टाकायचे, म्हणजे चौघांपैकी कुणालाच माहीत नाही. आणि दर वेळी एक बाटली दोन नंबरांनी ओतायची, हॉजसन यांनी केलं तसं. तीन वाईन असतील तर ग्लास चार. त्यासाठी ती बाटली आधीच आत नेऊन अर्धी दुसऱ्या स्वच्छ बाटलीत ओतून तीही गुंडाळायची. या एका युक्तीने तुला जे कळेल ते कुठल्याही कोर्समध्ये कळणार नाही, कारण त्या दिवशी तुझा आकडा किती हलतो हे समोर दिसतं. रिपीटमध्ये तू एकदा ७ आणि एकदा ६ दिलेस तर बाकीच्या वाईनमधल्या एका मार्काच्या फरकाला काही अर्थ नाही हे तिथेच समजलं. रिपीटमध्ये तीन मार्कांचा फरक आला तर त्या संध्याकाळचे आकडे खोडून टाक, चवीच्या नोंदी फक्त ठेव.

मार्क लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. हे फार कडक पाळा. एकजण "अरे वा" म्हणाला की बाकी तिघांचे मार्क वर जातात, मी हे इतक्यांदा पाहिलंय. अगरबत्ती, परफ्यूम, आणि हो, आत चालू असलेली फोडणी, हे सगळं त्या अर्ध्या तासापुरतं बंद. चिवडा, शेव, तिखट चकणा चाखणं संपल्यावर काढायचा, तिखटाने रेडचा तुरटपणा आणि दारूची आग दोन्ही वाढतात, आणि आधी गोड खाल्लं असेल तर चांगली व्हाईटसुद्धा लिंबू पिळल्यासारखी आंबट लागते. चाखणं झालं की मग हव्या तशा प्या, मटणाबरोबर प्या, पण मार्क त्याआधी. मधे साधा पाव आणि पाणी. आणि थुंकायला एक मोठा मग ठेवा, लाजायचं काय त्यात, जगभरात सगळे चाखणारे थुंकतात. एका वेळी पन्नास मिली पुरते, पण असे सहा ग्लास पोटात गेले तर तीनशे मिली झाली, बाटलीचा पाऊण भाग नाही तरी जवळपास अर्धी, आणि त्यानंतर प्रत्येक वाईन छानच लागते, शेवटच्या नंबरला कायम जास्त मार्क पडत असतील तर कारण हेच. शेजारच्यांना घरी चालत जायचंय हे उत्तमच, गाडी काढणारं कुणी असेल तर त्याने सगळंच थुंकायचं.

आता शंभरपैकी की दहापैकी. शंभराची पद्धत अमेरिकेतले रॉबर्ट पार्कर यांनी लोकप्रिय केली, ती सुरूच ५० पासून होते आणि प्रत्यक्षात सगळे ८० ते ९५ मध्ये फिरतात, म्हणजे तिथेही तुझ्यासारखंच एका पट्ट्यात अडकणं आहे, फक्त आकडे मोठे. ८७ आणि ८८ मधला फरक तुला, मला किंवा त्या मित्राला दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडता येणार नाही. तू उलट कमी कर. मी तर पाचावर ये म्हणेन, आणि प्रत्येक आकड्याला पैशाशी आणि कृतीशी बांध, चवीच्या विशेषणांशी नको. एक म्हणजे ग्लास संपवला नाही. दोन म्हणजे कुणी दिली तर पिईन, विकत घेणार नाही. तीन म्हणजे घरात असेल तर आनंदाने उघडेन. चार म्हणजे पुन्हा स्वतःच्या पैशाने आणेन. पाच म्हणजे कुणाकडे जाताना हौसेने घेऊन जाईन आणि त्यांना सांगेन की ही घेऊन बघा. असं केलंस की ६ आणि ७ च्या मधली ती चिखलासारखी जागा राहतच नाही, कारण आणेन की नाही याचं उत्तर माणूस लगेच देतो. कागद फाडून नाव आणि किंमत बघितल्यावर पहिला आकडा बदलायचा नाही, त्याच्या शेजारी फक्त एवढंच लिहायचं, या किमतीला घेईन की नाही. चवीचा आकडा आणि किमतीचा निर्णय एकाच मार्कात मिसळले की सहा महिन्यांनी तुला कळणारच नाही की ४ चवीमुळे होते की ती चारशेला मिळाली म्हणून.

आवडली नाही आणि खराब निघाली, हे दोन वेगळे रकाने कर, आणि त्या कोर्सवाल्या मित्राला मी नक्की बोलवेन ते यासाठी, त्याला हे शिकवलेलं असणार. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास (हा बहुतेक बुचाच्या बाटलीत, स्क्रू कॅपमध्ये क्वचितच), वर सांगितला तो काळ्या सफरचंदाचा वास, या खराब बाटल्या. यांना मार्कच द्यायचे नाहीत, खराब असं लिहायचं आणि दुसरी बाटली घेऊन पुन्हा चाखायची. स्क्रू कॅप उघडल्यावर कधी कधी विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास येतो, त्याला घाबरू नकोस, ग्लास जोरात फिरव, दहा मिनिटं थांब, बऱ्याचदा उडून जातो. स्वस्त रेडमध्ये कच्च्या ढोबळी मिरचीचा वास हा खराबपणा नाही, बऱ्याचदा द्राक्ष पुरतं पिकायच्या आत तोडलेलं असतं, तो तुला आवडत नसेल तर खुशाल दोन दे.

मिरीचा विषय मला फार आवडला. शिराझमधला मिरीचा वास एका विशिष्ट रसायनाचा आहे, रोटंडोन, काळ्या मिरीतही तेच असतं, ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी ते २००८ मध्ये शिराझमध्ये ओळखलं, आणि त्यांच्याच चाचण्यांत पाचातल्या साधारण एका माणसाला ते भरपूर घातलं तरी कळत नाही असं दिसलं. तुझा नवरा त्या पाचातला एक असू शकतो. त्याला मिरी शोधायला लावू नकोस आणि त्याचे शिराझचे मार्क तुझ्या मार्कांशी सरासरी करू नकोस, तो आणि तू खरोखर वेगळी वाईन पिताय. सरासरीच काढू नका खरं तर कधी, चार माणसांचे चार आकडे चार रकान्यांत राहू देत, वर्षभराने कुणाला काय आवडतं हे त्यातूनच दिसेल.

वहिनींचंही तेच. गोड पोर्ट आवडणं यात काही कमीपणा नाही, गोव्याच्या त्या गोड रेडपासूनच आपल्याकडच्या कितीतरी लोकांची वाईनशी ओळख झाली, पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टशी तिचं नातं नावापुरतं असेल पण ती वेगळ्या जातीची वाईन आहे एवढंच. तिला कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, रेडशेजारी ठेवून मार्क मागणं वहिनींवर अन्याय आणि वाईनवरही. एक संध्याकाळ फक्त गोड वाईनची करा, दोन-तीन कंपन्यांची पोर्ट आणि एखादी लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या, जास्त पिकलेल्या द्राक्षांची गोड) चेनिन, आणि त्या दिवशी वहिनींच्या मार्कांकडे नीट लक्ष दे, त्यांना गोडातले फरक तुझ्यापेक्षा बारीक कळत असतील.

एकूणच एका संध्याकाळी एकच द्राक्ष घे. आत्ता तुम्ही एक व्हाईट, एक रोझे, दोन रेड असं आणत असाल, त्यात तुलना कशाशी करणार. पुढच्या वेळी तीन चेनिन आणा, सुला आणि यॉर्क तुमच्या नाशिकच्याच, तिसरी फ्रातेल्लीची अकलूजहून येते, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातली माती, वेगळी हवा, आणि चौथा ग्लास यांच्यातल्याच एकीचा रिपीट. कुठली किती गोडसर आहे, कुठली जास्त आंबट, एवढ्या दोनच प्रश्नांवर आधी क्रम लाव, मग मार्क. चेनिनमध्ये पेरू, मध, पिकलेलं नासपती, असलं काही येतंय वाटलं तर लिही, नाही आलं तर काही लिहू नकोस, दुसऱ्याने लिहिलेले वास शोधत बसायचं नाही. आणि वास ओळखायची सवय लावायची असेल तर साध्यातली साधी व्हाईट चार वाट्यांत ओत, एकीत पेरूची फोड, एकीत लिंबाची साल, एकीत ढोबळी मिरचीचा तुकडा, एकीत काहीच नाही, वर बशी झाकून अर्धा तास ठेव आणि डोळे मिटून हुंग. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाईनच्या वासांचं जे प्रसिद्ध चक्र केलं त्याच्या अभ्यासासाठी असेच नमुने करतात, आणि यासाठी लागणारं सगळं तुझ्या फ्रिजमध्ये आत्ता असेल. सर्दी असेल त्या आठवड्यात मात्र चाखणं सरळ पुढे ढकल.

आणि एक राहिलंच. उरलेली वाईन टाकू नका किंवा त्याच रात्री संपवायचा हट्ट करू नका. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेव आणि रविवारी संध्याकाळी, परत तेवढ्याच गार करून, नवऱ्याला ओतायला सांगून नंबर न बघता पन्नास मिली पुन्हा चाख. काही स्वस्त वाईन एका रात्रीत बसतात, नुसता आंबटपणा उरतो, आणि काही रेड दुसऱ्या दिवशी जास्त मोकळ्या होतात, शनिवारी तीन मिळालेली रविवारी चारची निघते. तो आकडा त्याच ओळीत शेजारी लिही, वेगळ्या रंगाच्या पेनाने.